तिसरा खिळा

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत माणूस आडवा झाला की त्याचा बोलण्याचा हक्क जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी डॉक्टरला गप्पांची लहर येते. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून डाव्या गालात दोन सुया टोचून झाल्यावर, तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि स्वतःची दोन बोटं असा सगळा संसार मांडून डॉक्टरने "काय म्हणतात वडील?" असं विचारलं, तेव्हा त्याने रीतीप्रमाणे "आं" केलं. या "आं"चा अर्थ 'मजेत आहेत' असा घ्यायचा असतो. डॉक्टरने तसाच घेतला. "चावायला लागले ना आता? सुरुवातीला जड जातंच. मी म्हटलं होतं त्यांना, एकदम सगळे नको, दोन-तीन खेपांत काढू. ऐकतात कुठले! म्हणाले, एकेकाला निरोप देत कोण बसणार, सगळ्यांना एकदम रजा द्या. कवळी मात्र झकास बसलीय हं. हसले की दहा वर्षांनी लहान दिसतात."

"आं?"

हा "आं" वेगळा होता. यात प्रश्न होता, धक्का होता आणि थोडा अपमानही होता. पण जबडा ताणलेला असला की सगळे "आं" एकाच मापाचे निघतात. डॉक्टर मान डोलावून म्हणाला, "तेच तर! आणि तुमचेही त्यांच्यावरच गेलेत. ही दाढ बघा, मुळाशी वाकडी. वडिलांची ही दाढ हुबेहूब अशीच होती. हे वारशात आलंय, याला ब्रश तरी काय करणार?" मग त्याने यंत्र सुरू केलं आणि त्या घरघरीत पुढचं सगळं बुडालं. डोक्यावरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, बोराएवढं, उघडं, काहीतरी विचारू पाहणारं. बाबांचे दात काढले. सगळे काढले. कवळी बसली, ती झकास बसली, बाबा हसलेसुद्धा, आणि या सगळ्यातलं त्याला, घरच्या थोरल्या मुलाला, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दुःख कुठल्या गालात ठेवावं हेही त्याला कळेना, कारण डावा गाल त्याचा राहिलाच नव्हता.

रस्त्यावर आल्यावर त्याने ओठ चाचपून पाहिला. तो कुणाचा तरी ओठ होता. जाड, गार, ओल्या स्पंजासारखा, आपल्या तोंडाला कुणीतरी विसरून गेलेला. दुकानांच्या काचांत तो एका बाजूने हसत असल्यासारखा दिसत होता आणि समोरून येणारी दोन माणसं उगीचच त्याच्याकडे बघून हसली. बाबांचे दात म्हणजे घरातलं एक अवजारच. सुतळीची गाठ, औषधाच्या बाटलीचं बूच, नव्या सदऱ्याची चिठ्ठी, सगळं त्या दातांनी सुटायचं. कात्री शोधेपर्यंत बाबांचं काम झालेलं असायचं, आणि वर कात्री आणणाऱ्यालाच ते म्हणायचे, "माणसानं वेळेला उभं राहावं." वेळेला उभं राहावं, हे त्यांचं लाडकं वाक्य. उभं राहावं म्हणजे नक्की काय करावं, हे त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नाही. कुठे उभं राहायचं, किती वेळ, हातात काही धरायचं की नाही, कशाचा पत्ता नाही. आपण गणितात नापास झालो तेव्हाही हेच वाक्य, आत्याच्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हाही हेच. पुढे धंद्यात पडल्यावर त्याला अशा वस्तूचं शास्त्रीय नाव समजलं आणि तो एकटाच हसला होता. प्रोग्रॅमिंगमध्ये तिला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणतात; क्लास म्हणजे ज्यावरून वस्तू घडवायच्या तो साचा. हा क्लास स्वतः काडीचं काम करत नाही. तो फक्त हुकूम लिहून ठेवतो, की जो कोणी माझा वारस म्हणवील त्याने अमुक काम केलंच पाहिजे. कसं करायचं ते त्याचं त्याने बघावं. हुकुमाच्या पुढे कंस असतो, कंसात काही नसतं, आणि ओळ संपते. असं नुसतं बापपण.

त्याची पोटापाण्याची नोकरीच मुळी निरोप पोचवण्याची होती. उंच इमारतींच्या लिफ्ट बिघडल्या की ज्याला त्याला कळवणारा प्रोग्रॅम त्याच्या कंपनीत तयार होई, आणि त्यातला कळवण्याचा भाग त्याने एकट्याने लिहिलेला होता. पुस्तकात त्या रीतीला ऑब्झर्व्हर पॅटर्न असं भारदस्त नाव आहे, पण गोष्ट शेजारणीलाही समजेल अशी आहे. एक लिफ्ट असते. तिच्यात काही घडलं तर ज्यांना ज्यांना कळावंसं वाटतं ते तिच्याकडे आपली नावं देऊन ठेवतात: पहारेकरी, मेकॅनिक, कार्यालय, तळमजल्यावरचा दिव्यांचा फलक. लिफ्ट अडकली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रांगेने प्रत्येकाला एवढंच म्हणते, "मी अडकले." ये म्हणत नाही, धाव म्हणत नाही. ऐकणारा काय करतो हे तिला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवावी, मेकॅनिकने पाना उचलावा, फलकाने लाल दिवा लावावा. ज्याचं त्याने आपापल्या क्लासात लिहून ठेवलेलं असतं. ही रीत त्याला पहिल्या वाचनातच इतकी का पटली, याचं कारण त्याने कधी शोधलं नव्हतं. आज अर्धा ओठ लोंबकळत असताना ते आपणहून समोर येऊन उभं राहिलं. ही रीत त्याच्या आईची होती.

आईच्या घरी पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणारा एक अरुंद बोळ आहे. त्याच्या भिंतीवर बाबांनी एका रेषेत सहा खिळे ठोकलेले, आणि प्रत्येक खिळ्यावर नात्यातल्या एकेका घराचा फोटो. आधी आत्या, मग मामा, मग काका, मग तो, म्हणजे तो आणि त्याची बायको एकाच चौकटीत, मग धाकटी बहीण, आणि शेवटी मावशी. घरात काही घडलं की आई एका हातात धूळ पुसायचं फडकं आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन बोळात शिरायची. पहिली चौकट पुसायची, आत्याला फोन. दुसरी पुसायची, मामाला फोन. नंबर तिला तोंडपाठ, चेहरे भिंतीवर. मधे कागद नाही, पेन्सिल नाही. फोन करताना ती फोटोशीच बोलायची. नळ गळतोय, पलीकडच्यांच्या मांजरीला चार पिल्लं झाली, बाबांना चष्म्याचा नंबर वाढून मिळाला. ती फक्त कळवायची. "ये" असं तिने कधी कुणाला म्हटलं नाही. म्हणायची वेळ यावी हाच तिच्या मते अपमान. बहीण ऐकलं की तासाभरात हजर व्हायची, रडायची, भांडी घासायची आणि परत रडायची. मावशी ऐकलं की आणखी वीस जणांना सांगायची. आणि तो म्हणायचा, "बरं."

बरं. बस्स. त्याने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. 'ब' फुटेना, ओठच मिटत नव्हते. बाबांच्या त्या हुकुमाचं, वेळेला उभं राहावं याचं, बहिणीने आपल्या परीने काहीतरी करून दाखवलं होतं. त्याने काय केलं होतं? त्याने महिरपी कंस उघडला होता, आत काही लिहिलं नव्हतं आणि कंस मिटवला होता. असं केलेलं चालतं, हीच त्यातली मेख. यंत्र तक्रार करत नाही. वारसाने हुकुमाचं नाव घेतलं, एवढं त्याला पुरतं. आत काही आहे की नुसती पोकळी, हे ते तपासत नाही. तक्रार माणसं करतात, आणि तीही वेळ निघून गेल्यावर.

मग त्याला ती दुपार आठवली. साहेबांच्या खोलीत बैठक चालू होती, आईचा फोन आला होता, आणि टाकीच्या झाकणाला चीर गेल्याचं ऐकता ऐकता तो दबक्या आवाजात म्हणाला होता, "आई, प्रत्येक गोष्ट मला कळवायलाच पाहिजे का गं?" पलीकडे आई क्षणभर थांबली होती, की लाइन खराब होती, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. थांबली होती. नक्कीच थांबली होती. त्याच दुपारी तिने चौथ्या खिळ्यावरून त्याला उतरवलं असणार. नंतरही फोन आले होते, हे खरं. पण ते बहुधा सवयीने, जिभेवर चव राहते तसे. आता चवही गेली. दात काढण्यासारखी मोठी गोष्ट झाली आणि त्याला वगळून झाली. चौथ्या खिळ्यावर काय असेल आता? दिनदर्शिका? पिशवी? एवढंच एक जाणून घ्यायचं होतं, आपण त्या भिंतीवर आहोत की नाही. आणि तेच विचारायचं धाडस होत नव्हतं. त्याने आधी बायकोला फोन केला. ती कामासाठी आठवडाभर परगावी होती.

"तुला बाबांच्या दातांचं काही कळलं होतं?"

"कुणाच्या बाबांच्या?"

"माझ्या."

"काय झालं दातांना?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे? आणि तू असा का बोलतोयस? दुपारीच सुरू केलीस की काय?"

"भूल आहे."

"कसली भूल? चूक झाली म्हण ना सरळ! काय केलंस तू त्यांच्या दातांना?"

त्याने फोन ठेवला. कार्यालयात आणखी एक संकट चहाचा पेला घेऊन त्याच्या खुर्चीतच बसलेलं होतं. प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणाऱ्या बाईंना सगळे चिमटेबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर; त्यांना ते आवडायचं. दुसऱ्याच्या कामातला बारीकसा काटा त्या अशा काही मायेने ओढून काढत, की माणसाने ओरडावं आणि वर आभारही मानावेत.

"या," त्या म्हणाल्या. "तुमच्या निरोप्याने आज दिवे लावलेत. एका इमारतीत गाण्याच्या मास्तरीण सकाळी लिफ्टमध्ये अडकल्या. तळमजल्यावरचा फलक लाल झाला, कार्यालयात घंटा वाजली, आपल्या साहेबांच्या फोनवर निरोप आला. सगळ्या गावाला कळलं. फक्त मेकॅनिकला कळलं नाही. तो समोरच्या हॉटेलात बसून तो लाल फलक बघत होता. म्हणतो, मला वाटलं, मला निरोप नाही म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलावलं असेल. मास्तरीणबाईंनी आत तीन राग संपवले."

"थांबा, मेकॅनिकशं नाव रांगेत नशेल," तो म्हणाला.

"मेकॅनिकशं?"

"भूल."

"बरं. नाव रांगेत आहे. कालही होतं, आजही आहे. कुणी काढलेलं नाही. म्हणून तर चहा आणलाय. बसा."

तो स्टुलावर बसला आणि चहा प्यायला. निम्मा चहा त्याला कळला, निम्मा सदऱ्याला. नाव रांगेत आहे आणि तरी निरोप नाही. हे त्याला जरा बोचलं, पण नेमकं कुठे ते कळेना. दोघांनी मिळून ती सकाळ पुन्हा घडवायला घेतली. चिमटेबाई लिफ्ट झाल्या, तो ओळी वाचू लागला. रांगेत पहिला पहारेकरी, दुसरा मेकॅनिक, तिसरा फलक, चौथं कार्यालय. "मी अडकले," चिमटेबाई आनंदाने म्हणाल्या. पहिल्याला निरोप गेला. हा पहारेकरी नोकरी सोडून चालला होता आणि त्याने आदल्या दिवशीच ते बटण दाबून ठेवलं होतं: मला यापुढे कळवू नका. ते बटण त्यानेच, म्हणजे आपल्या या गृहस्थाने, मोठ्या हौसेने बसवलं होतं. माणसाला नको असेल तर नको म्हणता आलं पाहिजे, अशी त्या वेळी त्याची विचारसरणी होती. त्यात एक सभ्यपणाही ठेवला होता. जाणाऱ्याला शेवटचा एक निरोप मिळायचा, तो घेऊन त्याने आपणच आपलं नाव काढायचं आणि नमस्कार करून निघायचं.

"निघाला," चिमटेबाई म्हणाल्या. "आता रांगेत पहिला कोण?"

"मेकॅनिक पुढे शरकला. तो पहिला झाला."

"आणि लिफ्ट काय म्हणते? पहिल्याला सांगून झालं, आता..."

"दुशरा," तो म्हणाला आणि त्याने बोट दुसऱ्या जागेवर नेलं.

दुसऱ्या जागेवर फलक येऊन उभा होता. मेकॅनिक रिकाम्या झालेल्या पहिल्या जागेवर शहाण्यासारखा सरकून उभा, आणि पहिली जागा तर झालेली. त्याला कुणी काढलं नव्हतं, त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. त्याच्या पुढचा माणूस निघून गेला, एवढाच त्याचा गुन्हा. चिमटेबाईंनी पेला खाली ठेवला. "काय हो हे! शेजारी रुसला आणि हा उपाशी राहिला," त्या म्हणाल्या. दुरुस्ती सोपी होती: निरोप द्यायला निघण्याआधी रांगेची एक नक्कल काढायची आणि नकलेवर बोट ठेवून चालायचं, मग खऱ्या रांगेत कुणी रुसो, कुणी सरको. त्याने ती केली, चिमटेबाईंनी तपासली, मग पुन्हा लिफ्ट होऊन अडकूनही दाखवलं. मेकॅनिकला निरोप गेला. "जा आता घरी," त्या म्हणाल्या, "तुमचं तोंड बघवत नाही." त्याने मान हलवली, पण घरी गेला नाही. त्याचे पाय आईच्या घराकडे वळले होते आणि त्याच्या डोक्यात, ओठाखाली मुंग्या सुरू व्हाव्यात तसं, काहीतरी सुरू झालं होतं.

दार आईने उघडलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पायताणाकडे पाहिलं आणि म्हणाली, "या. वेळ मिळाला?" आई अहोजाहो करायला लागली की पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. ती बाजूला झाली, पण बोळाच्या तोंडाशीच, त्यामुळे भिंत दिसेना. पुढच्या खोलीत बाबा खुर्चीत बसले होते. ते त्याला पाहून हसले, आणि तो दचकला. चेहरा बाबांचा, हसू एखाद्या टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या तरुणाचं. दात इतके एकसारखे, इतके पांढरे, की त्यांच्यामागून बाबा कुठूनतरी लांबून बघत आहेत असं वाटावं.

"आलाश?" बाबा म्हणाले. कवळी किंचित टकटकली.

"आलो. कशे आहात?"

बाबांनी डोळे बारीक केले. "माझी टर उडवतोश?"

"नाही हो. भूल दिलीय. दाढ कोरली आज."

"कुठली?"

त्याने बोटाने दाखवली. बाबा पुढे झुकले, त्याच्या हनुवटीला धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत बघितलं. बऱ्याच वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. "तीच," ते समाधानाने म्हणाले. "मूळ वाकडं. माझ्या बापाचीही हीच होती." मग त्यांनी हात काढून घेतला आणि वर्तमानपत्र उचललं.

"दाताच्या डॉक्टरकडे जायला वेळ आहे," आई बोळातून म्हणाली. "बापाचे दात काढले त्या दिवशी नव्हता. तोंडात कापसाचे बोळे होते यांच्या, धड बोलता येत नव्हतं, तरी आपलं एकच, 'थोरला आला का?' दाराची घंटा वाजली की मान वर. दूधवाला आला, मान वर. इस्त्रीवाला आला, मान वर."

"मी काही मान वर केली नाही," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "रक्त थांबावं म्हणून डॉक्टरांनीच शांगितलं होतं, मान वर ठेवा."

"आई," तो म्हणाला, "मला तू कळवलंच नव्हतंश."

"मी?" आईचा आवाज चढला. "मी कळवलं नाही? माझ्या आयुष्यात असं झालंय कधी? फोन केला, सांगितलं, आणि तू 'बरं' म्हणालास! अजून माझ्या कानात आहे. 'बरं.' मी म्हटलं सुद्धा यांना, की बरं म्हणाला."

"म्हणाली होती," बाबांनी साक्ष दिली.

 फोन आला नव्हता, याची त्याला शंभर टक्के खात्री होती. पण आला असता तर तो "बरं" म्हणाला असता, याचीही तितकीच खात्री होती. न झालेल्या फोनवर न दिलेलं उत्तर आईला शब्दशः आठवत होतं, आणि ते बरोबर होतं. यावर कुठल्या तोंडाने भांडायचं? त्याने चाचरत विचारलं, "ते मी एकदा बैठकीत अशताना म्हणालो होतो, प्रत्येक गोष्ट कळवायलाच पाहिजे का, त्याचा तर राग नाही ना धरलाश?"

"कधी म्हणालास?"

"टाकीच्या झाकणाच्या वेळी."

"मला नाही बाई ऐकू आलं. मी बोलत असताना दुसऱ्याचं मला कधी ऐकू येतं?"

इतका वेळ उराशी धरलेलं ते पाप आईने असं फडक्याने पुसून टाकलं. आणि ती फडकं शोधायला वळली तेव्हा बोळ मोकळा झाला. त्याने आत पाऊल टाकलं. पहिल्या खिळ्यावर आत्या. दुसऱ्यावर मामा. तिसऱ्या खिळ्यावर तो होता. तो आणि बायको, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातले, उन्हाने डोळे मिचकावणारे. चौथ्यावर बहीण, पाचव्यावर मावशी, सहावा खिळा मोकळा.

"आई, काका कुठे गेले?"

"काढला त्याला," आई म्हणाली. "त्याच दिवशी. आत्याला सांगितलं, तुझ्या मामाला सांगितलं, मग याला फोन लावला. मी आपली सांगतेय, हिरडी अशी सुजलीय, रक्त असं आलंय, तर मला म्हणतो, 'वहिनी, मी जेवतोय. तुमच्याकडच्या दाढा न् हिरड्या मला यापुढे कळवू नका. काहीच कळवू नका.' म्हटलं, ठीक आहे. तिथल्या तिथे उतरवला आणि कपाटात ठेवला, तोंड खाली करून."

"आणि मग?"

"मग काय? मधेच खिळा मोकळा, भिंत बोळकी दिसायला लागली. घरात एक बोळकं पुरे. म्हणून पुढचे सगळे एकेक खिळा अलीकडे सरकवले. मग घोटभर पाणी प्यायले, डोकं शांत केलं. तिसऱ्या खिळ्याचं बोलणं झालंच होतं. चौथ्यावर आले, हिला फोन लावला..." तिचा हात बहिणीच्या चौकटीवर होता. तो तिथेच थांबला. मग तिने मान वळवून तिसऱ्या खिळ्याकडे पाहिलं. मग परत चौथ्याकडे.

तो हसू लागला. ओठ अजून अर्धाच जागा होता, त्यामुळे हसू एकाच बाजूने बाहेर पडलं आणि लाळेचा एक थेंब सदऱ्यावर पडला. आज सकाळी हीच चूक, हुबेहूब हीच, त्याच्या हातची, गाण्याच्या मास्तरीणबाईंना लिफ्टमध्ये कोंडून बसली होती. वर्षानुवर्षं त्याने पुस्तकं वाचून, डोकं खाजवून जे लिहिलं, ते चुकीसकट आईचं निघालं. दाढेचं मूळ बाबांचं आणि हे आईचं. त्याचं स्वतःचं असं त्यात काय होतं, तर तो रिकामा कंस.

"हसतोस काय? म्हणजे चूक माझी?"

"नाही गं. चूक खिळ्यांची."

"खिळे यांनी ठोकलेत."

"शगळं फिरून माझ्यावरच," बाबा आतून म्हणाले.

"आधी शगळ्यांचे चेहरे एकदा डोळ्यांशमोर आण, मग फोन कर," त्याने चिमटेबाईंना पटलेली दुरुस्ती आईला समजावून सांगितली. "मधे कोणाला उतरवायचं अशेल तर शेवटी उतरव. नाहीतर मावशीपाशून उलटी ये."

"मावशीला आधी सांगायचं? मग बाकीच्यांना फोन करायला मी राहीनच कशाला?" आई म्हणाली. मग ती बोटाने चौकटीची कड पुसत राहिली. "पण खरं सांग," ती म्हणाली, आणि आवाजातली धार आता गेली होती, "कळलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तो दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत नव्हता, तोंडात नळी नव्हती, तरी त्याच्या तोंडून "आं"पलीकडे काही निघेना. खिळ्यांनी त्याला सोडवलं होतं. या प्रश्नातून खिळे सोडवणार नव्हते. आईने उत्तराची वाट पाहिली नाही. राहिलेलं काम समोर दिसलं की तिला दुसरं काही सुचत नसे. "राहिलं ते राहिलं," ती म्हणाली. "पण पाच जणांना सांगावं आणि एकाला नाही, हे माझ्या हातून व्हायचं नाही." तिने फडकं घेतलं, तिसऱ्या खिळ्यासमोर उभी राहिली, त्याची चौकट काळजीपूर्वक पुसली, आणि नंबर लावला.

त्याच्या खिशातला फोन वाजू लागला.

"अगं, मी इथेच..." तो म्हणाला. तिने मागे न बघता हात हलवला: उचल. फोन करताना ती माणसांकडे बघत नसे, फोटोकडे बघे. त्याने फोन कानाला लावला. "हॅलो?"

"हॅलो, मी बोलतेय. ऐक. बाबांचे दात काढले. सगळे. डॉक्टर नको म्हणत होते तरी एकदम काढले, स्वभाव माहीतच आहे. खूप रक्त गेलं. आता पडलेत. जेवायचं काही खरं नाही." एका कानात तिचा आवाज बोळातून येत होता आणि दुसऱ्या कानात तोच आवाज श्वासभर उशिराने फोनमधून. मधे तिची पाठ, थोडी वाकलेली, आणि पदराखालून दिसणारं फडकं. ती थांबली. तिचं सांगून झालं होतं. ये, असं ती म्हणाली नाही. ती कधीच म्हणायची नाही.

त्याच्या जिभेवर "बरं" येऊन बसलं होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने गुळगुळीत झालेलं, तयार, फक्त ओठ मिटायचा अवकाश. आणि ओठ आता मिटत होता. त्यात मुंग्यांचं मोहोळ उठलं होतं आणि दाढ पहिल्यांदाच, बारीकशी, ठसठसली.

"निघालोच," तो म्हणाला.

काचेवरचं फडकं थांबलं.

"सावकाश ये," आई फोटोला म्हणाली. "घाई करू नकोस. रस्त्याने नीट ये."

आतून वर्तमानपत्र सळसळलं. "कोण येतंय गं?" बाबांनी विचारलं.

"थोरला," आई म्हणाली. "निघालाय म्हणे."